लिनक्स फाइल प्रणालीची दुरुस्ती

लिनक्स फाइल प्रणालीची दुरुस्ती म्हणजे साठवण उपकरणावरील फाइल प्रणालीची अंतर्गत रचना बिघडल्यामुळे सुरू न होणारा लिनक्स संगणक पुन्हा कार्यरत करण्याची प्रक्रिया होय. वीजपुरवठा अचानक खंडित होणे, डिस्क जीर्ण होणे, स्मृतीतील दोष आणि संगणक नीट बंद न करणे ही या बिघाडाची प्रमुख कारणे आहेत. दुरुस्तीसाठी वापरली जाणारी साधने फाइल प्रणालीची रचना सुसंगत करतात; फाइलींमधील मजकूर परत मिळवून देणे हे त्यांचे काम नव्हे. म्हणून ज्या डिस्कवरील विदा मोलाची आहे, तिची आधी प्रत घ्यावी आणि मगच दुरुस्ती करावी, हा या प्रक्रियेचा मूलभूत नियम मानला जातो.

उन्हाळ्यातील तीव्र तापमान आणि वारंवार खंडित होणारी वीज यांमुळे विदर्भाच्या पश्चिमेकडील वऱ्हाड भागात, म्हणजे अमरावती, अकोला आणि लगतच्या जिल्ह्यांत, हा विषय विद्यार्थ्यांच्या व संगणक प्रयोगशाळांच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे.

या लेखात आज्ञांची व पर्यायांची नावे मूळ रोमन अक्षरांच्या उच्चारानुसार देवनागरीत दिली आहेत.

पार्श्वभूमी

लिनक्सचा कर्नेल, म्हणजे संचालन प्रणालीचा गाभा, लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केला. त्यासाठी खास तयार केलेली पहिली फाइल प्रणाली ‘एक्स्ट’ १९९२ मध्ये, तर तिची सुधारित आवृत्ती ‘एक्स्ट२’ १९९३ मध्ये आली. एक्स्ट२ मध्ये जर्नलची सोय नव्हती. त्यामुळे वीज गेल्यावर प्रत्येक वेळी संपूर्ण डिस्क तपासावी लागे आणि मोठ्या डिस्कच्या बाबतीत या तपासणीला बराच वेळ लागत असे. २००१ मध्ये कर्नेलमध्ये समाविष्ट झालेल्या ‘एक्स्ट३’ ने जर्नलची सोय आणली. २००८ च्या अखेरीस ‘एक्स्ट४’ स्थिर म्हणून जाहीर झाली. डेबियन आणि उबुंटू या वितरणांमध्ये सर्वसाधारणपणे हीच फाइल प्रणाली असते. प्रगत संगणन विकास केंद्राने, म्हणजेच सी-डॅकने, विकसित केलेली ‘बॉस’ ही भारतीय भाषांना आधार देणारी संचालन प्रणालीही डेबियनवर आधारलेली आहे.

सिलिकॉन ग्राफिक्स कंपनीने तयार केलेली ‘एक्सएफएस’ ही रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्सच्या सातव्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१४ पासून, त्या वितरणाची मूलनिर्धारित फाइल प्रणाली आहे. ‘बीटीआरएफएस’ २००९ मध्ये कर्नेलमध्ये आली आणि २०२० मध्ये फेडोराच्या ३३ व्या आवृत्तीने वैयक्तिक संगणकांसाठी तिचा स्वीकार केला. या तिन्ही प्रणालींच्या दुरुस्तीची पद्धत वेगवेगळी असल्यामुळे डिस्कवर कोणती फाइल प्रणाली आहे, हे आधी जाणून घेणे आवश्यक ठरते.

फाइल प्रणालीची रचना

एक्स्ट४ मध्ये डिस्कवरील जागा ठरावीक आकाराच्या ब्लॉकांमध्ये विभागलेली असते. ब्लॉकचा नेहमीचा आकार ४,०९६ बाइट असतो. प्रत्येक फाइलसाठी ‘आयनोड’ नावाची एक नोंद असते. फाइलचा आकार, मालक, परवानग्या, वेळ आणि तिचा मजकूर कोणत्या ब्लॉकांमध्ये आहे, ही माहिती आयनोडमध्ये असते. फाइलचे नाव मात्र आयनोडमध्ये नसून ती ज्या निर्देशिकेत आहे त्या निर्देशिकेत असते. दुरुस्तीनंतर काही फाइली नावाशिवाय सापडतात, त्याचे कारण हेच आहे.

संपूर्ण फाइल प्रणालीची मुख्य माहिती ‘सुपरब्लॉक’ मध्ये असते. तो पार्टिशनच्या प्रारंभापासून १,०२४ बाइट अंतरावर लिहिलेला असतो. सुपरब्लॉक नष्ट झाल्यास पार्टिशन ओळखताच येत नाही. म्हणून त्याच्या अनेक प्रती डिस्कवर इतरत्र ठेवलेल्या असतात. ब्लॉकचा आकार ४,०९६ बाइट असल्यास पहिली राखीव प्रत सामान्यतः ३२,७६८ क्रमांकाच्या ब्लॉकमध्ये आणि पुढची ९८,३०४ क्रमांकाच्या ब्लॉकमध्ये असते.

जर्नलचे कार्य व्यापाऱ्याच्या कीर्दीसारखे असते. दिवसभराचे व्यवहार आधी कीर्दीत टिपले जातात आणि नंतर खतावणीत चढवले जातात. त्याचप्रमाणे रचनेतील बदल आधी जर्नलमध्ये लिहिले जातात आणि मग मूळ जागी नेले जातात. मध्येच वीज गेली तर पुढच्या वेळी जर्नलमधील पूर्ण झालेल्या नोंदी मूळ जागी चढवल्या जातात आणि अर्धवट नोंदी सोडून दिल्या जातात. एक्स्ट४ च्या मूलनिर्धारित पद्धतीत केवळ रचनेची माहिती जर्नलमध्ये जाते, फाइलींचा मजकूर जात नाही. त्यामुळे वीज गेल्यानंतर फाइल प्रणाली सुसंगत राहूनही नुकताच टंकलेला मजकूर गहाळ होऊ शकतो.

बिघाडाची कारणे

वीज अचानक जाणे हे सर्वांत सामान्य कारण आहे. जर्नल असूनही बिघाड होतो, कारण अनेक डिस्क आपल्याकडे आलेला मजकूर प्रत्यक्ष पृष्ठभागावर लिहिण्यापूर्वी तात्पुरत्या स्मृतीत ठेवतात. ती स्मृती वीज जाताच रिकामी होते. एखादी डिस्क लेखन पूर्ण झाल्याचा संदेश वेळेआधीच देत असेल, तर जर्नलमधील क्रमावर विसंबता येत नाही. एकल फलक संगणकांमध्ये, उदाहरणार्थ रास्पबेरी पाय मध्ये, वापरल्या जाणाऱ्या मेमरी कार्डांच्या बाबतीत ही अडचण अधिक आढळते.

डिस्कवरील खराब सेक्टर हे दुसरे कारण होय. अशा सेक्टरमध्ये आयनोडांची सारणी किंवा निर्देशिका असल्यास एका सेक्टरच्या दोषामुळे अनेक फाइली दिसेनाशा होतात. सदोष रॅम, सैल झालेली साटा केबल आणि कमकुवत वीजपुरवठा संच यांमुळेही चुकीचा मजकूर डिस्कवर लिहिला जातो. या प्रसंगी डिस्क निर्दोष असते आणि मूळ दोष दूर केल्याशिवाय केलेली दुरुस्ती टिकत नाही.

मानवी चुकांमध्ये जोडलेल्या अवस्थेतील पार्टिशनवर दुरुस्तीची आज्ञा चालवणे, एकच पार्टिशन दोन संचालन प्रणालींनी एकाच वेळी वापरणे आणि पेन ड्राइव्ह किंवा बाह्य डिस्क विलग न करता ओढून काढणे यांचा समावेश होतो.

वऱ्हाडातील परिस्थिती

अकोला व अमरावती ही राज्यातील उष्ण शहरांपैकी असून अनेक वर्षी मे महिन्यात तेथील कमाल तापमान ४५ अंश सेल्सियसच्या पुढे जाते. खोलीचे तापमान जितके अधिक, तितके पेटीच्या आतील डिस्कचे तापमान त्याहून वर राहते. चकतीच्या बहुसंख्य डिस्कसाठी उत्पादकांनी दिलेली कमाल कार्यमर्यादा ६० अंशांच्या आसपास असते. हवा खेळती नसलेल्या खोलीत, धुळीने भरलेल्या पंख्यासह दिवसभर चालणारा संगणक या मर्यादेच्या जवळ पोहोचू शकतो. खोली थंड ठेवण्यासाठी कूलर वापरला जात असल्यास त्याच्या ओलसर हवेचा झोत थेट संगणकावर येणार नाही, अशी व्यवस्था करणे इष्ट असते.

विजेचा प्रश्न याहून जुना आहे. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाचे २००५ मध्ये विभाजन होऊन वितरणाचे काम महावितरणकडे आले. त्यानंतरची काही वर्षे राज्याच्या ग्रामीण भागात दररोज अनेक तासांचे भारनियमन होते. अकोला जिल्ह्यात पारस येथे औष्णिक वीज केंद्र असूनही हा जिल्हा त्यातून सुटला नव्हता. नियोजित भारनियमनाची वेळ आधी ठाऊक असल्यामुळे संगणक वेळेवर बंद करता येई. वळवाच्या वादळी पावसात तारा तुटून जाणारी वीज मात्र पूर्वसूचना देत नाही. ती काही क्षणांत परत येऊन पुन्हा गेल्यास, सुरू होत असलेला संगणक दुसऱ्यांदा बंद पडतो आणि जर्नलच्या नोंदी चढवण्याचे काम अर्धवट राहते. जर्नलची रचना अशा पुनरावृत्तीचा विचार करूनच केलेली आहे. तथापि डिस्कच्या दृष्टीने हा सर्वांत धोक्याचा काळ असतो.

घरगुती इन्व्हर्टरवर विसंबून राहणेही पुरेसे नसते. संगणकातील वीजपुरवठा संच मुख्य वीज गेल्यावर साधारण १५ ते २० मिलिसेकंदच तग धरतो. अनेक इन्व्हर्टरांवर ‘यूपीएस’ आणि ‘नॉर्मल’ असे दोन पर्याय असतात. नॉर्मल पर्यायात वीज पालटण्यास अधिक वेळ लागत असल्यामुळे पंखे व दिवे सुरू राहतात, पण संगणक बंद पडून पुन्हा सुरू होतो. संगणक जोडलेला असल्यास यूपीएस हा पर्याय निवडणे आवश्यक असते.

अमरावती येथे १९६४ मध्ये स्थापन झालेले शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आणि १९८३ मध्ये स्थापन झालेले संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ, तसेच अकोला येथे १९६९ मध्ये स्थापन झालेले डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ, यांमुळे हा भाग उच्च शिक्षणाचे व संशोधनाचे केंद्र आहे. पदवीच्या अखेरच्या वर्षाचा प्रकल्प किंवा अनेक हंगामांतील पिकांच्या नोंदी एकाच संगणकावर ठेवल्या असतील, तर त्या डिस्कचा बिघाड म्हणजे पुन्हा न करता येणाऱ्या कामाची हानी ठरते. संचालन प्रणाली तासाभरात नव्याने स्थापित करता येते. मागील वर्षीच्या खरिपाचे मोजमाप पुन्हा घेता येत नाही.

लक्षणे व निदान

संगणक सुरू होताना कोणत्या टप्प्यावर थांबतो, यावरून बिघाडाचे स्थान ओळखता येते. प्रथम मूळ साधनप्रणाली डिस्क शोधते, नंतर ‘ग्रब’ हा प्रारंभक कर्नेलला स्मृतीत आणतो, त्यानंतर ‘इनिटरामएफएस’ ही तात्पुरती लघुप्रणाली मूळ पार्टिशन जोडते आणि शेवटी ‘सिस्टिमडी’ उर्वरित पार्टिशने जोडून सेवा सुरू करते.

- मूळ साधनप्रणालीला डिस्कच दिसत नसल्यास दोष फाइल प्रणालीत नसून डिस्क, केबल किंवा वीजजोडणीत असतो.
- ‘ग्रब रेस्क्यू’ असे चिन्ह दिसून थांबल्यास ग्रबला त्याच्या फाइली सापडलेल्या नसतात. पार्टिशनचा क्रम बदलणे किंवा ग्रब ज्या पार्टिशनवर आहे त्याची फाइल प्रणाली बिघडणे, ही त्याची कारणे असू शकतात.
- ‘इनिटरामएफएस’ असे कंसातील चिन्ह दिसल्यास मूळ पार्टिशन सापडलेले नसते किंवा जोडता आलेले नसते. अनपेक्षित विसंगती आढळली असून एफएससीके ही आज्ञा स्वतः चालवावी, असा संदेश त्याच्या वर असल्यास कारण फाइल प्रणालीतील बिघाड हेच असते.
- ‘इमर्जन्सी मोड’ येण्यापूर्वी एखाद्या उपकरणाची ९० सेकंद वाट पाहिली गेल्यास ‘एफस्टॅब’ या फाइलमधील नोंद चुकीची असण्याची किंवा दुसरी डिस्क निकामी झाल्याची शक्यता असते.
- संगणक सुरू होतो, परंतु काहीही जतन करता येत नाही, अशा वेळी दोष आढळल्यामुळे कर्नेलने पार्टिशन केवळ वाचनासाठी जोडलेले असते.
- प्रवेशपटलावर योग्य परवलीचा शब्द देऊनही तेच पटल पुन्हा येत असल्यास डिस्क पूर्ण भरलेली असणे हे एक नेहमीचे कारण असते. तो फाइल प्रणालीचा बिघाड नव्हे.

निदानासाठी पुढील आज्ञा उपयुक्त असतात. ‘एलएसबीएलके’ ही आज्ञा ‘एफ’ या पर्यायासह दिल्यास सर्व पार्टिशने व त्यांच्या फाइल प्रणालींचे प्रकार दिसतात. ‘डीमेसेज’ ही आज्ञा कर्नेलचे संदेश दाखवते. त्यात वाचन-लेखनातील दोषाचे, म्हणजे ‘आय-ओ एरर’ असे, संदेश वारंवार असतील तर डिस्क स्वतःच निकामी होत आहे, असे समजावे. ‘स्मार्टसीटीएल’ ही आज्ञा डिस्कने नोंदवलेली आरोग्यविषयक माहिती देते. त्यातील ५, १९७ आणि १९८ या क्रमांकांचे गुणधर्म अनुक्रमे बदललेले, प्रलंबित आणि दुरुस्त न होणारे सेक्टर दर्शवतात. यांपैकी प्रलंबित सेक्टरांची संख्या वाढत असल्यास डिस्कवर दुरुस्तीची आज्ञा चालवू नये.

देवनागरी फाइलींबाबत होणारा गैरसमज

मराठी वापरकर्त्यांच्या डिस्कचे निदान करताना दोन गोष्टी बिघाड नसूनही बिघाडासारख्या भासतात. पहिली म्हणजे बचाव प्रणालीच्या मजकूर पटलावर देवनागरी अक्षरांची जुळणी होत नाही. मराठी नावांच्या फाइली तेथे चौकटी किंवा प्रश्नचिन्हे म्हणून दिसतात. नावे डिस्कवर सुखरूप असतात आणि चित्रमय पटलावर ती योग्य दिसतात. दुसरी म्हणजे श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या जुन्या टंकांत तयार केलेले दस्तऐवज. युनिकोडपूर्व पद्धतीच्या या दस्तऐवजांत मराठी अक्षरांच्या जागी रोमन अक्षरांचे संकेत साठवलेले असतात. तो टंक उपलब्ध नसलेल्या संगणकावर उघडल्यास निरर्थक रोमन अक्षरे दिसतात. असे दस्तऐवज खराब समजून पुसले जाण्याची शक्यता असते.

युनिकोडच्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचा प्रत्येक वर्णसंकेत तीन बाइट घेतो. एक्स्ट४ मध्ये फाइलचे नाव २५५ बाइटांपर्यंत असू शकते, म्हणजे देवनागरीत ते कमाल ८५ वर्णसंकेतांचे असते. काना, मात्रा व हलन्त हे स्वतंत्र संकेत म्हणून मोजले जातात. बाहेर काढलेल्या फाइली दुसऱ्या माध्यमावर ठेवताना लांब नावे नाकारली गेल्यास ही मर्यादा तपासावी.

दुरुस्तीपूर्व तयारी

बिघडलेल्या संगणकावर काम करण्यासाठी दुसऱ्या माध्यमावरून लिनक्स सुरू करावे लागते. कोणत्याही प्रमुख वितरणाची ‘लाइव्ह’ प्रत पेन ड्राइव्हवर लिहून ठेवल्यास ते शक्य होते. डेबियनच्या प्रस्थापकात ‘रेस्क्यू मोड’ हा पर्याय असून त्याच्या चित्रमय आवृत्तीत मराठी भाषा निवडता येते. असा पेन ड्राइव्ह संगणक सुस्थितीत असतानाच तयार करून ठेवणे सोयीचे असते.

वीजपुरवठा स्थिर नसताना दुरुस्ती सुरू करू नये. दुरुस्तीच्या मध्यात वीज गेल्यास मूळ बिघाडापेक्षा अधिक हानी होऊ शकते. काम यूपीएसवर करावे किंवा डिस्क काढून बॅटरी चांगली असलेल्या लॅपटॉपला जोडावी.

यानंतर संपूर्ण पार्टिशनची प्रत घ्यावी. डिस्क सुदृढ असल्यास ‘डीडी’ ही आज्ञा पुरेशी असते. खराब सेक्टर असल्यास ‘डीडीरेस्क्यू’ वापरावी. ती आधी सहज वाचता येणारा भाग घेते, अवघड भाग शेवटी ठेवते आणि प्रगतीची नोंद एका नकाशा फाइलमध्ये करते. त्यामुळे काम मध्येच थांबले तरी तेथून पुढे सुरू करता येते. प्रत ज्या डिस्कवर घ्यायची ती मूळ पार्टिशनपेक्षा मोठी असावी. स्रोत आणि गंतव्य यांची नावे आज्ञेत उलट दिल्यास चांगली विदा पुसली जाते; म्हणून आज्ञा देण्यापूर्वी दोन्ही उपकरणांचा आकार व क्रमांक पुन्हा पडताळावा.

संपूर्ण प्रतीसाठी जागा नसल्यास निदान महत्त्वाच्या फाइली बाहेर काढाव्यात. त्यासाठी पार्टिशन केवळ वाचनासाठी जोडावे. एक्स्ट४ च्या बाबतीत हे पुरेसे नसते, कारण केवळ वाचनासाठी जोडतानाही जर्नलमधील नोंदी चढवल्या जातात, म्हणजेच डिस्कवर लेखन होते. ते टाळण्यासाठी ‘आरओ’ सोबत ‘नोलोड’ हा पर्यायही द्यावा लागतो.

एक्स्ट४ ची दुरुस्ती

एक्स्ट कुळातील फाइल प्रणालींसाठी ‘ई२एफएससीके’ ही आज्ञा असते. ‘एफएससीके’ ही सर्वसाधारण आज्ञा फाइल प्रणालीचा प्रकार ओळखून तिलाच बोलावते. पार्टिशन जोडलेले असताना ही आज्ञा चालवू नये, हा काटेकोरपणे पाळावयाचा नियम आहे. कर्नेल आणि दुरुस्तीची आज्ञा एकाच वेळी त्याच रचनेत बदल करू लागल्यास चांगली फाइल प्रणालीही नष्ट होते.

प्रथम ‘एन’ या पर्यायासह तपासणी करावी. यात कोणताही बदल न करता दोषांची यादी मिळते. यादीत मोजके दोष असतील तर ‘पी’ हा पर्याय सुरक्षित स्वरूपाच्या दुरुस्त्या आपोआप करतो. त्याहून गंभीर दोषांसाठी आज्ञा प्रत्येक बदलापूर्वी विचारणा करते. ‘वाय’ या पर्यायामुळे सर्व प्रश्नांना होकार दिला जातो. प्रत घेतलेली असेल तरच तो वापरावा. ‘झेड’ या पर्यायाने बदलांपूर्वीची स्थिती एका वेगळ्या फाइलमध्ये साठवता येते आणि ‘ई२अनडू’ या आज्ञेने ती परत आणता येते.

ई२एफएससीके पाच फेऱ्यांत काम करते. पहिल्या फेरीत आयनोड, ब्लॉक व आकार तपासले जातात. दुसरीत निर्देशिकांची रचना आणि तिसरीत निर्देशिका मूळ निर्देशिकेशी जोडलेल्या आहेत की नाहीत, हे पाहिले जाते. चौथीत प्रत्येक आयनोडाकडे निर्देश करणाऱ्या नावांची संख्या आणि पाचवीत मोकळ्या व वापरलेल्या ब्लॉकांचा गोषवारा पडताळला जातो. एकच ब्लॉक दोन फाइलींकडे असल्याचे आढळल्यास पहिल्या फेरीच्या आणखी उपफेऱ्या होतात. अशा प्रसंगी ब्लॉकची प्रत दोन्ही फाइलींना दिली जाते. परंतु त्यांपैकी किमान एका फाइलमधील मजकूर चुकीचा असतो.

सुपरब्लॉक वाचता येत नसल्यास राखीव प्रत वापरावी लागते. तिचे स्थान ‘एमकेई२एफएस’ ही आज्ञा ‘एन’ पर्यायासह दिल्यास कळते. हा पर्याय विसरल्यास तीच आज्ञा पार्टिशनवर नवी फाइल प्रणाली तयार करते, त्यामुळे ती अत्यंत काळजीपूर्वक द्यावी. मिळालेला क्रमांक, उदाहरणार्थ ३२७६८, ई२एफएससीके ला ‘बी’ या पर्यायाने दिला जातो.

आज्ञा संपल्यावर मिळणारा निर्गम संकेतांक परिणाम सांगतो. ० म्हणजे दोष नाही, १ म्हणजे दोष दुरुस्त झाले, २ म्हणजे संगणक पुन्हा सुरू करावा, ४ म्हणजे काही दोष शिल्लक आहेत आणि ८ म्हणजे आज्ञेच्या कार्यातच अडथळा आला. हे संकेतांक एकत्र आल्यास त्यांची बेरीज दाखवली जाते. ४ मिळाल्यास आज्ञा पुन्हा चालवावी आणि ० मिळेपर्यंत पार्टिशन वापरात आणू नये.

नाव हरवलेल्या फाइली पार्टिशनच्या मूळ निर्देशिकेतील ‘लॉस्ट+फाउंड’ या ठिकाणी आयनोड क्रमांकाच्या नावाने ठेवल्या जातात. ‘फाइल’ या आज्ञेने त्यांचा प्रकार ओळखता येतो. तेथे संपूर्ण निर्देशिका आलेली असल्यास तिच्या आतील फाइलींची नावे बहुधा शाबूत असतात.

संगणक इनिटरामएफएस पर्यंत पोहोचत असेल, तर किरकोळ दुरुस्ती तेथूनही करता येते. मूळ पार्टिशन तेव्हा जोडलेले नसते. दुरुस्तीनंतर ‘एक्झिट’ टंकल्यास संगणक पुढे सुरू होतो. ग्रबच्या यादीत कर्नेलच्या ओळीत ‘एफएससीके.मोड=फोर्स’ आणि ‘एफएससीके.रिपेअर=येस’ हे शब्द जोडूनही सिस्टिमडीकडून सक्तीची तपासणी करून घेता येते. मात्र दुसरा शब्द ‘वाय’ पर्यायासारखाच सर्व बदलांना संमती देतो.

इतर फाइल प्रणाली

एक्सएफएस मध्ये ‘एफएससीके.एक्सएफएस’ ही आज्ञा सामान्यतः काहीही दुरुस्त करत नाही. पार्टिशन एकदा जोडून विलग केल्यास जर्नलच्या नोंदी चढतात. त्यानंतरही दोष राहिल्यास ‘एक्सएफएस रिपेअर’ ही आज्ञा वापरली जाते. जर्नलच वाचता येत नसल्यास मोठ्या लिपीतील ‘एल’ हा पर्याय जर्नल कोरे करतो. त्यातील न चढवलेले बदल कायमचे जातात, म्हणून तो अखेरचा उपाय मानला जातो.

बीटीआरएफएस मध्ये ‘चेक’ ला ‘रिपेअर’ हा पर्याय देणे तज्ज्ञांच्या सल्ल्याशिवाय टाळावे, असे तिच्या अधिकृत दस्तऐवजांत सांगितले आहे. प्रथम जुन्या मुळावरून पार्टिशन केवळ वाचनासाठी जोडून पाहावे. ते जमले नाही तर ‘बीटीआरएफएस रिस्टोअर’ ही आज्ञा पार्टिशन न जोडता फाइली दुसऱ्या डिस्कवर काढते.

यूईएफआय पद्धतीच्या संगणकांत प्रारंभक एका छोट्या फॅट पार्टिशनवर असतो. त्याला जर्नल नसते. त्याची तपासणी ‘एफएससीके.व्हीफॅट’ करते. पार्टिशन कूटबद्ध असल्यास ते आधी ‘क्रिप्टसेटअप’ ने उघडावे लागते आणि एलव्हीएम वापरलेले असल्यास खंडसमूह सक्रिय करावा लागतो. कूटबद्ध कवचावर थेट दुरुस्तीची आज्ञा देऊ नये.

दुरुस्तीनंतरची कामे

फाइल प्रणाली सुसंगत झाली तरी संचालन प्रणालीच्या काही फाइली हरवलेल्या असू शकतात. लाइव्ह प्रणालीतून मूळ पार्टिशन जोडून ‘सीएचरूट’ ने आत प्रवेश करता येतो आणि तेथून इनिटरामएफएस, ग्रब व खराब झालेली पॅकेजे पुन्हा तयार किंवा स्थापित करता येतात. डेबियन कुळात ‘डेबसम्स’ ही आज्ञा आणि फेडोरा कुळात ‘आरपीएम’ ची पडताळणी कोणत्या पॅकेजांच्या फाइली बदलल्या आहेत, ते दाखवते. स्वतःच्या दस्तऐवजांसाठी अशी पडताळणी उपलब्ध नसते. ते उघडूनच पाहावे लागतात.

फाइल प्रणालीची रचना पूर्णतः नष्ट झाल्यास ‘टेस्टडिस्क’ हरवलेली पार्टिशने शोधते, तर ‘फोटोरेक’ फाइलींच्या आरंभीच्या खुणांवरून मजकूर वेगळा काढते. फोटोरेकने काढलेल्या फाइलींना मूळ नावे व निर्देशिका नसतात आणि तुकड्यांत साठवलेल्या फाइली अपूर्ण येऊ शकतात. डिस्कमधून खटखट आवाज येत असल्यास कोणतीही आज्ञा न देता ती बंद करावी. अशा डिस्कची दुरुस्ती केवळ विशेष प्रयोगशाळेत होऊ शकते.

प्रतिबंध

विदेच्या तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर आणि त्यांपैकी एक अन्य ठिकाणी, हा राखीव प्रतींचा सर्वमान्य नियम आहे. ‘आरसिंक’ ने दररोजचे बदल बाह्य डिस्कवर नेता येतात. ‘टाइमशिफ्ट’ हे साधन संचालन प्रणालीची स्थिती जपते. वापरकर्त्याच्या फाइली ते मूळ मांडणीत वगळते. रेड पद्धतीने जोडलेल्या डिस्क राखीव प्रतीची जागा घेत नाहीत, कारण चुकीचे लेखन सर्व डिस्कवर एकाच वेळी होते.

यूपीएस संगणकाला यूएसबी केबलने जोडून ‘नेटवर्क यूपीएस टूल्स’ ही प्रणाली स्थापित केल्यास बॅटरी संपत येताच संगणक स्वतःहून व्यवस्थित बंद होतो. संगणक थिजल्यास कळ दाबून बंद करण्याऐवजी ‘आल्ट’ व ‘सिसआरक्यू’ या कळा धरून आर, ई, आय, एस, यू, बी ही अक्षरे क्रमाने दाबल्यास मजकूर डिस्कवर लिहिला जाऊन पार्टिशने केवळ वाचनाच्या अवस्थेत जातात आणि मग संगणक पुन्हा सुरू होतो. काही वितरणांत या कळांचा वापर अंशतः मर्यादित केलेला असतो. दुय्यम डिस्कच्या एफस्टॅबमधील नोंदीला ‘नोफेल’ हा शब्द जोडल्यास ती डिस्क निकामी झाली तरी संगणक सुरू होण्यास अडथळा येत नाही.

राखीव प्रत उपयोगी आहे की नाही, हे तिच्यातून एखादी फाइल प्रत्यक्ष परत काढून पाहिल्यावरच ठरते. उन्हाळा आणि वळवाच्या पावसाचा काळ सुरू होण्यापूर्वी, साधारणतः मार्चमध्ये, अशी चाचणी घेणे, यूपीएसची बॅटरी तपासणे आणि संगणकाच्या पेटीतील धूळ काढणे ही वऱ्हाडातील हवामानात उपयुक्त ठरणारी वार्षिक कामे आहेत.